खोक्यातून आलेलं कपाट आणि तुझी बदली

बदलीची ऑर्डर हातात पडली असं तू कळवलंस आणि पुढच्याच वाक्यात विचारलंस, "ताई, बेडरूममधलं कपाट खोलायचं की तसंच न्यायचं?" मुलीचा शाळेचा दाखला काढायचाय, गॅसची नोंद बदलायचीय, घरमालकाकडून डिपॉझिट परत घ्यायचंय, आणि बाईसाहेबांचा जीव अडकलाय तीन दारांच्या कपाटात! पण मी हसणार नाही हं. घर हलवताना नवराबायकोची निम्मी भांडणं त्या कपाटावरूनच होतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. तेव्हा चहा घे समोर आणि नीट ऐक.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. खोक्यातून सपाट येणारं, घरी जोडायचं फर्निचर हे बदल्यांसाठी केलेलंच नसतं. ते सपाट असतं ते कारखान्यातून तुझ्या दारापर्यंत स्वस्तात पोहोचावं म्हणून. तुझ्या दारातून पुढच्या दारात कसं जाईल, याचा विचार ते करणाऱ्यानं केलेला नसतो. स्वीडनच्या आयकिया कंपनीनं १९५६ मध्ये पाय काढता येणारं टेबल विकायला काढलं. गिलिस लुंडग्रेन नावाच्या त्यांच्या माणसाला टेबल गाडीत मावेना, म्हणून त्यानं पाय काढून ठेवले, अशी त्याची गोष्ट सांगतात. बघ, म्हणजे पहिल्या दिवसापासून हिशोब गाडीचा होता. जागा वाचली, भाडं वाचलं, वाटेतली मोडतोड वाचली, आणि जोडणीची मजुरीही गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडली. वाईट काही नाही त्यात, म्हणून तर आपल्यासारख्यांना ते परवडतं. पण खोक्यात होतं तेव्हा सुटं होतं, म्हणून कितीदाही सुटं करता येईल, हा जो आपला समज असतो ना, तिथंच आपण फसतो.

लगेच "मग सगळे पैसे पाण्यात" असं म्हणून रडू नकोस. सुटं करून पुन्हा जोडायच्या वस्तू टिकतच नाहीत असं मुळीच नाही. ऑस्ट्रियातल्या मिखाएल थोनेटची चौदा नंबरची खुर्ची १८५९ ची. वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढाच तिचा पसारा. एक मीटर लांब, रुंद आणि उंच खोक्यात अशा ३६ खुर्च्या सुट्या करून बसायच्या आणि बोटीनं जगभर जायच्या. मुंबईतल्या इराण्याच्या हॉटेलात गोल पाठीच्या काळ्या खुर्च्या पाहिल्यास ना, त्या याच घराण्यातल्या. किती जणांनी त्यांच्यावर बसून ब्रून मस्का खाल्ला असेल, आणि अजून त्या उभ्या आहेत.

आणि परदेशात तरी कशाला जायचं? तू आज ज्या फैजपुरातून सामान बांधतेयस, तिथं डिसेंबर १९३६ मध्ये एक अख्खं नगर उभं राहिलं होतं. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, पंडित नेहरू अध्यक्ष, आणि नगराचं नाव टिळकनगर. खेड्यात मिळेल त्याच सामानात सगळं व्हावं हा गांधीजींचा आग्रह होता, आणि सजावटीसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले होते. बांबूवर बांबू बांधून ते सगळं उभं केलेलं. काम झालं की गाठ सोडायची, बांबू पुढच्या कामाला मोकळा. गाठीनं बांबूला भोक पडत नाही, हे लक्षात घे, कारण तुझ्या कपाटाचं दुखणं नेमकं इथं आहे. कपाट किती बदल्या काढणार हे त्याच्या फळ्यांपेक्षा त्याच्या सांध्यांवर ठरतं.

तुझ्या कपाटाची फळी बहुतेक पार्टिकल बोर्डची असणार. सुतार तोंड वाकडं करून "भुशाचा बोर्ड" म्हणतो तोच. लाकडाचा चुरा, कधी उसाचं चिपाड, त्यात रासायनिक डिंक घालून उष्णतेनं दाबायचं आणि वर लाकडाच्या रंगाचा कागद किंवा लॅमिनेट चढवायचं. सागाच्या फळीला उभे तंतू असतात, त्यात स्क्रू जाऊन घट्ट बसतो. भुशात तंतूच नाहीत. स्क्रू एकदा फिरला की आपल्यापुरती वाट करतो, काढून पुन्हा घातलास तर त्याच वाटेतून सैलच जातो, आणि तिसऱ्या खेपेला नुसताच गरगर फिरतो. त्यातून ही फळी वजनदार! आठ बाय चार फुटी, अठरा मिलिमीटर जाडीचा एक बोर्ड पस्तीस-चाळीस किलोच्या घरात जातो. एवढं ओझं त्या सैल भोकांवर लटकतं, मग दार तिरकं नाही होणार तर काय होणार?

आता मिनिफिक्सचं. नाव घाबरवणारं आहे, वस्तू साधी. एका फळीतून एक छोटा बोल्ट डोकं काढून उभा असतो आणि दुसऱ्या फळीत रुपयाहून लहान गोल डबी बसवलेली असते. स्क्रूड्रायव्हरनं डबी अर्धा वळसा फिरवली की ती बोल्टचं डोकं धरून खेचते आणि दोन फळ्या एकमेकींना चिकटतात. सोडवायची तर उलट अर्धा वळसा. इथं आपले उत्साही नवरे काय करतात सांगू? डबी सोडवतात आणि मग पिळून पिळून बोल्टही फळीतून काढतात, "एकही सामान हरवायला नको" म्हणून. अगं, झिजतं ते त्या बोल्टचंच भोक! बोल्ट फळीतच राहू दे. लाकडी खुंट्याही उपटायच्या नाहीत. बाहेर आलेल्या डोक्यांवर जुन्या चादरीची चिंधी गुंडाळ, म्हणजे ती वाटेत वाकणार नाहीत आणि शेजारच्या फळीला ओरखडे काढणार नाहीत. एवढं एक पाळलंस तरी कपाटाची एक बदली वाढली म्हणून समज.

दुसरी नाजूक जागा म्हणजे पाठ. मागे जी पातळ हार्डबोर्डची पाठ असते ना, तिला आपण कस्पटासमान मानतो. पण कपाट काटकोनात धरून ठेवते ती तीच. ती खिळ्यांनी ठोकलेली असते, आणि खिळे ओढताना कडा फाटतात. तेव्हा पाठ काढावीच लागली तर जुनी परत वापरू नकोस, नव्या गावात सहा मिलिमीटरचा प्लाय कापून आण आणि खिळ्यांऐवजी स्क्रूनं बसव. बसवण्यापूर्वी सुतळी घेऊन वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत माप घे, मग उलट बाजूनं घे. दोन्ही मापं सारखी आली तरच स्क्रू मार. माझ्याकडे एक कपाट होतं, त्याची दारं कधी एका रेषेत आलीच नाहीत. मी दोष फरशीला द्यायचे, मिस्तरी बोलावून खाली कागदाच्या घड्या सरकवायचे. एका म्हाताऱ्या सुतारानं येऊन नुसती सुतळी लावली आणि माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नकोस!

मग खोलायचं की नाही? खरं सांगू का, शक्यतो नाहीच. दारातून, जिन्यातून उभं-आडवं निघत असेल तर कपाट अख्खं ने. आतले खण, ड्रॉवर आणि आरसा काढ, दारं बिजागऱ्यांसकट उतरव, म्हणजे अर्धं ओझं कमी. उरलेला सांगाडा दोघांनी उचलायचा. ओढायचा अजिबात नाही, ओढलं की सगळा ताण खालच्या सांध्यावर येतो आणि भुसा तिथंच चिरतो. हमाल "सरकवतो ना ताई" म्हणतील, तू तिथं उभी राहा. लाजू नकोस गं, सामान तुझं आहे. नव्या घराचा जिना अरुंद असेल तर मात्र खोलावंच लागेल, म्हणून आज-उद्या तिथल्या कुणाला तरी जिन्याचं वळण आणि दाराची रुंदी मोजायला सांग. टेम्पो दारात उभा राहिल्यावर मोजण्यात अर्थ नाही.

खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो काढ. फळीच्या न दिसणाऱ्या कडेवर पेन्सिलनं डावी, उजवी, वर, खाली लिही. लॅमिनेटवर चिकटपट्टी लावू नकोस, काढताना वरचा कागदच सोलून येतो. स्क्रू, डब्या आणि तो वाकडा पाना एका पिशवीत घालून पिशवी तुझ्या पर्समध्ये ठेव. स्वयंपाकाच्या डब्यात तर मुळीच नको. मी एकदा ठेवले होते मोहरीच्या रिकाम्या डब्यात, आणि सासूबाईंनी मोठ्या प्रेमानं वरून मोहरी भरली. पुढचा महिनाभर फोडणी करताना घरातले सगळे टोपात वाकून बघत.

भोक सैल झालंच असेल तर घाबरू नकोस. काड्यापेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठास, वर आलेला भाग कापून टाक, एक दिवस हात लावू नकोस आणि मग स्क्रू घाल. बिजागरीचं भोक पार फाटलं असेल तर बिजागरी बोटभर वर किंवा खाली सरकवून नवं भोक पाड. आणि जिथं वजन पेलायचं, म्हणजे पलंगाच्या कोपऱ्याला किंवा टेबलाच्या पायाला, तिथं स्क्रूचा नाद सोड. आरपार भोक पाडून दोन्ही बाजूंनी वायसर लावून नट-बोल्ट घाल. दिसायला जरा रांगडं दिसेल, दिसू दे. शिवाय आतून कोपऱ्यांना लोखंडी एल पट्ट्या मार. हार्डवेअरच्या दुकानात सगळं मिळतं आणि कपाटाच्या मानानं खर्च चिल्लर.

आता खानदेशाचं खास दुखणं सांगते, ते बाहेरच्यांना नाही कळायचं. आपल्याकडे कपाट बदलीआधीच अर्धं मरतं, ते कूलरनं आणि फरशी पुसण्यानं. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, खिडकीतला कूलर दिवसरात्र ओला वारा फेकतो, आणि खोली लहान म्हणून नेमकी समोर कपाटाची कड येते. बोर्डाचा सपाट भाग लॅमिनेटनं झाकलेला असतो, पण कडा आणि भोकं उघडी. तिथून ओल शिरली की फळी चहात बुडवलेल्या टोस्टसारखी फुगते, आणि फुगलेली फळी वाळली तरी पहिल्यासारखी होत नाही. खालून आपण रोज बादलीभर पाण्यानं फरशी पुसतो, ते पाणी तळाच्या कडेला लागतं. म्हणून नव्या घरात गेल्या गेल्या कपाटाखाली चार रबरी किंवा प्लॅस्टिकचे ठोकळे घाल, भिंतीपासून चार बोटं पुढे ठेव, आणि कूलरच्या तोंडासमोर ठेवू नकोस. उघड्या कडांना फेव्हिकॉलचा हात फिरव, नाहीतर एज बँडची पट्टी लावून घे. भिंतीपासून पुढे ठेवण्यात वाळवीवरही नजर राहते. मागे मातीची बारीक रेघ चढताना दिसली की त्याच दिवशी बंदोबस्त कर, "रविवारी बघू" नको.

बदल्याही बघ कशा वेळी येतात! सरकारी बदल्यांच्या २००५ च्या कायद्यात एका जागी साधारण तीन वर्षं आणि बदल्यांचा हंगाम एप्रिल-मे. म्हणजे एकतर भाजून निघायचं, नाहीतर लांबलं की पहिल्या पावसात भिजायचं. दोन्ही या फर्निचरला वाईट. एज बँड गरम गोंदानं चिकटवलेला असतो, बंद टेम्पोत दुपारभर तापला की सुटायला लागतो. पावसाचं तर बोलायलाच नको.

एवढं सगळं सांगितल्यावर आता तुला आवडणार नाही ते बोलते. प्रत्येक वस्तू न्यायलाच हवी असं नाही. एका कागदावर तुझ्या फर्निचरची नावं लिही आणि प्रत्येकापुढे खोलण्या-जोडण्याची मजुरी, टेम्पोतल्या जागेचं भाडं आणि वाटेत होईल ती दुरुस्ती मांड. मग आज तीच वस्तू जुनी म्हणून विकली तर काय येईल ते लिही. पुस्तकांचं छोटं कपाट, मुलीचं टेबल, चपलांचा रॅक यांचा हिशोब बहुतेक वेळा "इथंच सोड" असाच येतो. फैजपुरात इंजिनिअरिंगची मुलं खोल्या करून राहतात, त्यांना अभ्यासाचं टेबल हवंच असतं. निघायच्या महिनाभर आधी शब्द टाकलास तर चार पैसे येतील. शेवटच्या दिवशी टाकलास तर भंगारवालाही भुशाच्या फळीला हात लावत नाही. मात्र टाकण्याआधी बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनल, मुठी, कुलूप काढून घे, ते पुढच्या कपाटाला चालतं.

आणि तुझा जीव कशात अडकलाय ते मला समजलंय बरं का. ते कपाट तुझ्या आईबाबांनी लग्नात दिलेलं. पलंग, कपाट, ड्रेसिंग टेबल, मांडवात ओळीनं मांडलेलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी उघडून पाहिलेलं. तुला वाटतंय, ते सोडलं तर आई काय म्हणेल, आणि सासरी कुणी तरी म्हणेलच की "माहेरचं टिकवता आलं नाही". बघ, आईनं दिलं ते तुझ्या साड्या नीट राहाव्यात म्हणून. तिनं पैसे साठवले तेव्हा जावईबापूंची दर तीन वर्षांनी बदली होणार, हे तिच्या डोक्यात कुठून असणार? आणि दुकानदारानं "लाकडीच आहे" म्हटलं, तिनं मान डोलावली. तिला फोन कर आणि सरळ सांग की आई, कपाटाचे सांधे गेलेत, नेलं तर वाटेत मोडेल. मला खात्री आहे, ती म्हणेल, "मग कशाला ओझं वागवतेस, दे सोडून." आपल्या आया आपल्याहून व्यवहारी असतात गं. आणि सासरचं म्हणशील तर ज्याला फार पुळका असेल, त्याला सांग की टेम्पोचं भाडं तुम्ही द्या. मी असं एकदा म्हटलंय, त्यानंतर विषय निघाला नाही.

पुढे घ्यायचं काय? बदलीच्या घराला लोखंड मानवतं, हे माझं पक्कं मत. गोदरेजनं पोलादी कपाटं करायला घेतली ती १९२३ मध्ये, आणि अजूनही जुन्या घरांत आजीचं हिरवं-करडं लोखंडी कपाट कुरकुर न करता उभं दिसेल. पत्र्याला पोचा येतो, रंग उडतो, पण सांधा सुटत नाही. जड असतं, हे कबूल. तिसऱ्या मजल्यावर चढवताना हमाल तुझा उद्धार करतील. त्याच्याही खाली ठोकळे हवेत, नाहीतर फरशीच्या पाण्यानं तळ गंजतो. पण विकायची वेळ आली तर निदान वजनावर तरी जातं. सामानासाठी किराणा दुकानात असतं तसं भोकाभोकांच्या अँगलचं रॅक घे. नटबोल्ट सोडले की पट्ट्यांची मोळी होते, नव्या घरात खणांची उंचीही बदलता येते. वर पडदा लाव, पाहुण्यांना कळतसुद्धा नाही. आणि पलंग सुताराकडून करून घे, सागाचा नाही परवडला तरी चांगल्या प्लायचा. प्लाय घेताना शिक्का बघ, ओल सोसणारा हवा असेल तर आयएस ७१० हा आकडा असतो. सुताराला पहिल्याच दिवशी बजाव, "मला डिंकानं जोडलेला नको, नटबोल्टचा हवा, आमची बदली असते." तो म्हणेल डिंकाचाच मजबूत. त्याचं खरं आहे, एका जागी राहणाऱ्यांसाठी. तू ऐकू नकोस.

खोक्यातलं घ्यायचंच नाही का मग? घे की. मुलीचं टेबल तीन वर्षांनी तसंही तिला लहान होणार, ते स्वस्तातलं चालतं. फक्त विकत घेतानाच ठरव की हे या गावापुरतं. मग निघताना जीव तुटत नाही.

आता कामाला लाग. केळीच्या निर्यातीचे जाड पुठ्ठ्याचे खोके सावदा-रावेरकडे ओळखीत विचार, पुस्तकं आणि भांडी त्यांत बसतात, आणि फाडून फळ्यांच्या मध्ये घालायलाही होतात. फळ्या टेम्पोत उभ्या ठेवायच्या, आडव्या रचून त्यावर गहू-तांदळाची पोती टाकू द्यायची नाहीत. पलंग सगळ्यात शेवटी चढवायचा, म्हणजे तिकडे तो आधी उतरेल आणि त्या रात्री मुलगी जमिनीवर झोपणार नाही. टेम्पोवाल्याला पहाटे पाचला बोलाव, सातची वेळ दिलीस तर तो नऊला येईल आणि ऊन डोक्यावर चढेल. आणि दोरखंड, ताडपत्री त्याची की आपली, हे आजच विचारून घे.